सल्ला: पहिल्या डोंगरी अल्ट्रासाठी बूट, सामान आणि वेगाचा हिशेब

वाचकाचे पत्र

मी ४१ वर्षांची असून गंगापूर रोडवरील एका महाविद्यालयात शिकवते. गेली काही वर्षे रस्त्यावर धावते आहे. पूर्ण मॅरेथॉनची माझी वेळ ४ तास ४० मिनिटे आहे. येत्या डिसेंबरात सह्याद्रीत होणाऱ्या ५० किलोमीटरच्या ट्रेल शर्यतीत, म्हणजे डोंगरवाटांवरच्या अल्ट्रात (मॅरेथॉनहून लांब शर्यतीत), नाव नोंदवले आहे. एकूण चढ २,१०० मीटर असून १२ तासांत पूर्ण करावे लागते. जूनमध्ये अंजनेरीहून पळत उतरले आणि दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली; जुलैत ब्रह्मगिरीच्या ओल्या पायऱ्यांवर घसरले. गटातील एक जण कार्बन प्लेटचे बूट घ्या म्हणतो, दुसरी वॉटरप्रूफ घ्या म्हणते. काठ्या, पाणी-सामान अंगावर वाहण्याची व्हेस्ट, बॅटरी यांतले नेमके काय घ्यावे? खर्चाची मर्यादा २५,००० रुपये आहे. आणि मॅरेथॉनमध्ये मी किलोमीटरमागे वेग ठरवून धावते, तसा येथे कसा ठरवावा?
— एक धावपटू, नाशिक

उत्तर

सस्नेह नमस्कार.

आपण वेगाचा प्रश्न शेवटी विचारला असला, तरी शर्यत पूर्ण होणे किंवा न होणे बहुतेक त्यावरच ठरेल. मात्र बुटांचा निर्णय लवकर घ्यावा लागतो, कारण शर्यतीत घालायचे बूट त्याआधी किमान शंभर-दीडशे किलोमीटर वापरलेले असावेत. म्हणून सुरुवात बुटांपासून करतो.

दोन्ही मित्रांचे सल्ले बाजूला ठेवावेत. कार्बन प्लेटचे, म्हणजे सोलमध्ये कार्बनची ताठ पट्टी असलेले, बूट उंच आणि ताठ असतात. सपाट रस्त्यावर वेगाने धावणाऱ्यास त्यांचा फायदा होतो. दगडधोंड्यांच्या अरुंद पाऊलवाटेवर तीच उंची घोटा मुरगळण्यास निमंत्रण देते, आणि आपण ज्या वेगाने ही शर्यत करणार आहात त्या वेगाला प्लेटचा उपयोगही नाही. वॉटरप्रूफ बुटांत ओढ्याचे पाणी वरून शिरले की बाहेर पडत नाही, आणि कोरड्या दिवशी घाम आतच राहतो. डिसेंबरात पावसाची शक्यता जवळपास नसतेच. भिजले तरी पाणी निथळून जाईल असे साधे जाळीचे बूट आपल्याला पुरतील.

ब्रह्मगिरीवरील घसरण्यावरून बुटांची पारख करू नये, हेही सांगायला हवे. श्रावणाच्या आगेमागे त्या पायऱ्यांवर शेवाळाचा थर असतो आणि शेवाळलेल्या ओल्या कातळावर कोणत्याही कंपनीचे रबर भरवशाचे नसते. तेथे पाऊल सपाट टाकणे, कठड्याचा आधार घेणे आणि सरळ चालणे एवढाच उपाय आहे. आपली शर्यत डिसेंबरात आहे. तेव्हा वाट वेगळीच असते. पावसाळ्यात वाढलेले गवत वाळून आडवे पडलेले असते, उतारांवर सुटा मुरूम आणि बारीक खड्यांचा घसारा असतो, मधूनमधून कोरडा कातळ लागतो आणि गावांच्या आसपास कच्चा रस्ता. या मिश्र वाटेसाठी सोलखालचे लग, म्हणजे पकडीसाठीचे रबरी उंचवटे, साधारण ४ मिलिमीटरचे असावेत. साडेतीन ते पाच यांमधले काहीही चालेल. सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल आणि दूरदूर बसवलेले लग काळ्या मातीच्या चिखलासाठी असतात, कारण त्यांच्या फटीत चिखल अडकून राहत नाही. पण कातळावर असे लग टोकांवरच टेकतात, रबराचा स्पर्श कमी होतो आणि पकड उलट घटते. कातळावर लगच्या खोलीपेक्षा रबराचा मऊपणा जास्त कामाला येतो. व्हायब्रमचे मेगाग्रिप हे अशा रबराचे सर्वांत परिचित नाव आहे. मऊ रबर डांबरावर लवकर झिजते, त्यामुळे गंगापूर रोड किंवा गोदापार्कवरील रोजचा सराव रस्त्याच्याच बुटांत चालू ठेवावा.

दुसरी गोष्ट ड्रॉपची, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतील फरकाची. रस्त्यावरील बहुतेक बुटांत तो ८ ते १० मिलिमीटर असतो. आल्ट्रा या कंपनीच्या लोन पीक बुटांमध्ये तो शून्य असतो आणि चवड्यापाशी जागा ऐसपैस असते. सॅलोमनच्या स्पीडक्रॉसमध्ये १० च्या आसपास. होकाच्या स्पीडगोटमध्ये चार-पाच. शून्य ड्रॉपचे चाहते पुष्कळ आहेत, परंतु चार-पाच महिन्यांत दहावरून शून्यावर येऊ नये. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर यांच्यावर एकदम ताण येतो, आणि वर चढाचा सराव असेल तर तो दुप्पट जाणवतो. आपण ४ ते ८ मिलिमीटरच्या मध्ये राहावे. नावांत अडकण्याचे कारण नाही. डेकॅथलॉनच्या स्वस्त ट्रेल बुटांतही पहिली अल्ट्रा उत्तम पार पडते, जर ते पायाला नीट बसत असतील तर.

नखांचा प्रश्न याच बसण्याचा आहे. नखे काळी पडली की लोक एक क्रमांक मोठा बूट घेतात, आणि पुष्कळदा नखे पुन्हा काळी पडतात, कारण लांबी पुरेशी असूनही उतारावर पाय बुटात पुढे सरकत राहतो. म्हणून दुकानात संध्याकाळी जावे. दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात आणि शर्यतीत ते त्याहून जास्त फुगणार आहेत. धावण्याचे मोजे सोबत न्यावेत. आधी नाड्या सैल सोडून पाय पुढे ढकलावा, बोटे टोकाला टेकली की टाचेमागे एक बोट सहज गेले पाहिजे. मग टाच मागे बसवून नाड्या आवळाव्यात आणि बुटाचे टोक जमिनीवर तीन-चार वेळा जोराने आपटावे. अंगठा पुढे टेकला तर तो बूट, तो कितीही आवडला असला तरी, परत ठेवावा. दुकानात जिना असेल तर चार पायऱ्या झपझप उतरून पाहावे. बायकांच्या मापाचे बूट अनेकदा चवड्याला अरुंद असतात. करंगळी दाबली जात असेल तर पुरुषांच्या विभागातील जोड बघण्यास संकोच करू नये.

टाच मागे धरून ठेवण्याची एक युक्ती आपल्या सध्याच्या बुटांवरही आजच करून पाहता येईल. बुटाच्या सर्वांत वर, घोट्यापाशी, एक जास्तीचे छिद्र असते आणि बहुतेकांच्या बुटांत ते रिकामेच राहते. नाडीचे टोक त्याच बाजूच्या त्या छिद्रात बाहेरून आत घालावे, पण पूर्ण ओढू नये. एक छोटा फासा शिल्लक ठेवावा. दोन्ही बाजूंना असे फासे झाले की उजवे टोक डाव्या फाशातून आणि डावे उजव्यातून घालावे, टाच मागे दाबावी आणि टोके वर नव्हे तर खाली ओढून नेहमीची गाठ मारावी. टाच जागेवर बसते आणि चवड्याची नाडी सैल ठेवता येते. मोठ्या उताराच्या माथ्यावर अर्धा मिनिट थांबून हे करणे वाया जात नाही. नखे शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी सरळ रेषेत कापून कडा घासून घ्याव्यात. आदल्या रात्री कापली तर कडा मोज्यात टोचतात.

मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीवर फोड लवकर येतात. सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचे दोन चांगले जोड घ्यावेत. बुटाचे तोंड झाकणारा गेटर नावाचा कापडी पट्टा बाहेरच्या पुस्तकांत वाळू-खड्यांसाठी सांगितलेला असतो, पण आपल्याकडे डिसेंबरात तो कुसळांसाठी हवा. वाळल्या गवतातून पाच किलोमीटर गेल्यावर मोज्यांत रुतलेली कुसळे थांबून उपटत बसणारे धावपटू प्रत्येक डोंगरी शर्यतीत दिसतात.

आता उरलेले सामान. आपल्या रकमेतील निम्मी बुटांवर जाईल. राहिलेल्यातून व्हेस्ट आणि डोक्याची बॅटरी या दोन वस्तू चांगल्या घ्याव्यात. ५० किलोमीटरसाठी ५ ते ८ लिटरची व्हेस्ट पुरते. छातीवर अर्ध्या लिटरच्या दोन मऊ बाटल्या बसतील अशी निवडावी. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीतून आपण किती प्यायलो हे कळत नाही, बाटलीत ते डोळ्यांनी दिसते. रिकामी व्हेस्ट घालून आरशात पाहणे व्यर्थ आहे. बाटल्या भरून, मागे जाकीट कोंबून, दुकानाबाहेर पन्नास पावले पळून पाहावे. काखेपाशी किंवा गळ्याशी जेथे कापड घासते तेथेच आठव्या तासाला सालटे निघते. त्या जागी व्हॅसलीन आधीच लावावे.

पहाटेच्या सुरुवातीसाठी २०० ते ३०० ल्युमेन (प्रकाशाचे एकक) उजेडाची बॅटरी ठीक असते. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सुरुवातीचा तास-दीड तास अंधारात जाईल. अनेक जण पुढे धावत असताना धुरळा उडतो आणि कपाळावरचा प्रकाश त्यावरून परत डोळ्यांत येतो. शिवाय डोळ्यांच्या रेषेतून पडणाऱ्या उजेडात दगडांच्या सावल्या दिसत नाहीत, सगळी वाट सपाट वाटते. अशा वेळी बॅटरी डोक्यावरून काढून कमरेच्या उंचीवर हातात धरावी. सावल्या लांब पडतात आणि खड्डा कळतो.

काठ्या या वेळी घेऊ नयेत, असे माझे मत आहे. चढावर त्या मांड्यांचा भार थोडा वाटून घेतात हे खरे, पण त्यांचा सराव स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि सह्याद्रीतल्या वाटांवर कातळटप्पे आले की दोन्ही हात मोकळे हवे असतात. गुडघ्याचे जुने दुखणे असते तर वेगळा सल्ला दिला असता. शिट्टी, क्रेप बँडेज, पातळ विंडचीटर, चार्ज केलेला फोन आणि मुठीत मावणारी चंदेरी आपत्कालीन चादर एवढे जवळ असावे, आयोजकांच्या यादीत असो वा नसो. अत्तर किंवा तीव्र वासाचे क्रीम लावून जाऊ नये. किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळ असते.

आता वेग. मॅरेथॉनची आपली वेळ पाहता आपण किलोमीटरला सरासरी ६ मिनिटे ३८ सेकंदांनी धावता. हा आकडा डिसेंबरात पूर्ण विसरावा लागेल, कारण डोंगरात एक किलोमीटर सात मिनिटांचा असतो आणि पुढचा पंचवीस मिनिटांचा. किलोमीटर हे मापच येथे अपुरे पडते. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना शर्यतींची प्रतवारी करताना एक सोपे सूत्र वापरते: अंतराच्या किलोमीटरमध्ये दर १०० मीटर चढामागे एक किलोमीटर मिळवायचा. त्या हिशेबाने आपली शर्यत ५० अधिक २१, म्हणजे ७१ श्रम-किलोमीटरची होते. १२ तासांचे ७२० मिनिटे धरले, तर श्रम-किलोमीटरमागे दहा मिनिटांहून किंचित जास्त वेळ आपल्या हाती आहे.

या सूत्रात उतार मोजलेला नाही, आणि आपल्याकडचा घसाऱ्याचा उतार कित्येकदा चढाइतकाच वेळ खातो. म्हणून आपला आकडा आपल्याच डोंगरावर काढावा. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात एखाद्या रविवारी अंजनेरी दोनदा करावी आणि खाली गावाकडच्या रस्त्यावर अंतर भरून काढावे. तेथे वनखात्याचे संरक्षित क्षेत्र आहे आणि पठारावर, जगात फार थोड्या ठिकाणी उगवणारी अंजनेरीची कंदीलपुष्पे जमिनीत असतात. तेव्हा मळलेली वाट सोडून आडवे जाऊ नये. समजा घड्याळाने २० किलोमीटर आणि ९०० मीटर चढ दाखवला आणि आपल्याला सगळे थांबे धरून चार तास लागले. म्हणजे २९ श्रम-किलोमीटर २४० मिनिटांत, एकाला सव्वाआठ मिनिटे. शर्यत अडीचपट लांब असल्याने त्यात दहा-पंधरा टक्के वाढवावेत. नऊ ते साडेनऊ मिनिटे हा आपला खरा वेग, आणि त्याने ७१ श्रम-किलोमीटर साडेदहा ते सव्वाअकरा तासांत होतात.

या हिशेबाचा खरा उपयोग मधल्या टप्प्यांवर होतो. समजा २२ व्या किलोमीटरवर मदतकेंद्र आहे आणि तोवर १,२०० मीटर चढ झालेला आहे. नऊ मिनिटांच्या वेगाने तेथे पोहोचायला ५ तास ६ मिनिटे लागायला हवीत. पण त्याच वेगाने शर्यतीला लागणाऱ्या एकूण १० तास ३९ मिनिटांची वाटणी साध्या किलोमीटरांच्या प्रमाणात केली, तर उत्तर ४ तास ४१ मिनिटे येते. आपण वेळेत असूनही पंचवीस मिनिटे मागे पडलो असे वाटते, मग पुढच्या चढावर धावण्याचा मोह होतो, आणि पुष्कळांची शर्यत त्या ठिकाणी बिघडते. आयोजकांच्या नकाशावरून प्रत्येक केंद्राचे श्रम-किलोमीटर काढून, अपेक्षित वेळ आणि कटऑफ (तेथे पोहोचण्याची आयोजकांची अंतिम वेळ) असे दोन आकडे एका चिठ्ठीवर लिहावेत आणि चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून व्हेस्टच्या पुढच्या खिशात ठेवावी.

वाटेत मात्र घड्याळापेक्षा श्वासावर चालावे. पूर्ण वाक्य न तुटता बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त आहे. प्रत्येक तीव्र चढ पहिल्यापासून चालत चढावा. भोवतीचे सगळे पळत असतील तरी. चढ तीव्र झाला की धावणे आणि झपाट्याने चालणे यांच्या वेगात फारसा फरक उरत नाही, शक्ती मात्र धावण्यात बरीच अधिक जाते. हात मांडीवर, गुडघ्याच्या वर दाबून, छोट्या पावलांनी चालण्याचाही सराव लागतो, आणि त्यासाठी पांडवलेणीच्या पायऱ्यांसारखी सोयीची जागा शहरात दुसरी नाही. रामशेज थोडा लांब पडतो, पण तेथे गर्दी कमी असते.

उताराकडे आपण चढापेक्षा जास्त लक्ष द्यावे असे मी म्हणेन. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि त्यात स्नायूंच्या तंतूंची सर्वाधिक झीज होते. शर्यतीच्या पस्तिसाव्या किलोमीटरवर ज्यांना साध्या उतारावर उलटे चालावेसे वाटते, त्यांचे फुप्फुस थकलेले नसते, मांड्या गेलेल्या असतात. दिलासा एवढाच की शरीर हे लवकर शिकते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने मोठे उतार धावले की पुढच्या वेळी इजा बरीच कमी होते. त्यामुळे अंजनेरीहून उतरणे नखांच्या भीतीने सोडू नये. पावले आखूड आणि भरभर टाकावीत, टाचेवर ब्रेक मारत उतरू नये, नजर पायांवर नव्हे तर तीन-चार मीटर पुढे ठेवावी. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर नाही.

खाणे हा वेगाचाच भाग आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, आणि ती पहिल्या तासापासून, भूक लागण्याची वाट न पाहता. मोठ्या केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की यांपैकी आपल्याला जे पचते ते लांबच्या सरावात ठरवावे. धावपटूंसाठीची महागडी ऊर्जा-जेल घेतलीच तर तीही आधी पोटाला दाखवून. येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. ओआरएसला अनेक जण शक्तीचे पेय समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणातील एक लिटर ओआरएसमध्ये फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते; त्यातून मीठ भरपूर मिळते, ऊर्जा नाममात्र. पाणी तहानेप्रमाणे, तासाला साधारण ४०० ते ८०० मिलिलिटर. प्रत्येक केंद्रावर बळेबळे साधे पाणी ढोसल्याने रक्तातील सोडियम घसरते आणि ते निर्जलीकरणाहून धोक्याचे ठरू शकते; बोटे सुजणे, अंगठी रुतणे, मळमळ आणि डोके जड होणे ही त्याची चिन्हे आहेत.

केंद्रांवर बसू नये. सहा केंद्रांवर आठ-आठ मिनिटे गेली तर ४८ मिनिटे होतात, आणि तेवढी आपण कोणत्याही चढावर धावून मिळवू शकणार नाही. पोहोचण्याआधीच बाटल्यांची झाकणे उघडावीत, पाणी भरून घ्यावे, खाण्याचे हातात घेऊन चालत निघावे. फोड येत असल्याची जळजळ जाणवली तर मात्र तेथेच थांबून पट्टी लावावी, पुढच्या केंद्रावर ढकलू नये.

शेवटी औषधांबद्दल. आयब्युप्रोफेन किंवा त्या गटातील वेदनाशामक गोळी शर्यतीआधी वा शर्यतीत घेऊ नये, कोणी प्रेमाने दिली तरी; शरीरात पाणी कमी आणि स्नायूंची झीज चालू असताना तिचा भार थेट मूत्रपिंडावर पडतो. मांड्या तीन-चार दिवस दुखणे नेहमीचे आहे, जिना उतरताना कठडा धरावा लागेल. पण शर्यतीनंतर लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, किंवा भरपूर पाणी पिऊनही सात-आठ तासांत झालीच नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि आपण किती तास धावलो हे डॉक्टरांना आधी सांगावे.